पोटदुखीचं रजिस्टर

सदर महिला कर्मचारी ही संस्थेच्या प्राथमिक व माध्यमिक विभागात ‘प्रथमोपचार कक्ष सहाय्यक’ या पदावर गेली बावीस वर्षे निव्वळ तात्पुरत्या स्वरूपात कार्यरत आहे. उंची पाच फूट एक इंच. वैवाहिक स्थिती: विधवा. अपत्ये: निरंक. ओळखीची खूण: उजव्या मनगटावर इस्त्रीचा जुना डाग. अधिकारकक्षा: खोली एक, लोखंडी खाटा दोन, ब्लँकेटे दोन, वजनकाटा एक (चार किलो जास्त दाखवतो), थर्मामीटर एक. वर्तणूक समाधानकारक. विशेष प्रावीण्य: निरंक. आजारी व जखमी विद्यार्थ्यांची तातडीने शुश्रूषा करणे हे सदर महिलेचे प्रमुख कर्तव्य होय. रक्त पाहिले की सदर महिलेला घेरी येते.

फाइलीतला कागद इथे संपतो. शेवटचं वाक्य नंतर कुणी तरी पेन्सिलीनं लिहिलेलं आहे, आणि अख्ख्या कागदावर तेवढंच वाक्य प्रत्यक्ष बघून लिहिल्यासारखं वाटतं.

शाळेत सगळे तिला नर्समावशी म्हणत. ती नर्स नव्हती. मावशी होती की नाही, हे सांगणं अवघड आहे, कारण सहाशे मुलं तसं म्हणत होती आणि एवढ्या जणांचं एकदम चुकत नसावं. तिच्या घेरीची गोष्ट सगळ्या शाळेला ठाऊक होती. त्यामुळे एक व्यवस्था आपोआप पडून गेली होती. गुडघा फुटला, ओठ फाटला, बोट दारात सापडलं, की मुलाला पीटीच्या सरांकडे न्यायचं. ते आयोडीन लावत आणि ‘रडायला काय झालं, पाय आहे ना अजून?’ असं विचारत. ज्यातून रक्त येत नाही ते सगळं मावशीकडे.

आणि ज्यातून रक्त येत नाही असं शाळेत किती असतं, ते तिची खोली बघितल्याशिवाय कळत नसे.

ती खोली ऑफिसला लागून होती. मधे लाकडी फळ्यांची भिंत, त्यामुळे हेडक्लार्क शिंकला की इकडे ब्लँकेट हलायचं. खिडकीला खालून अर्धाच पडदा. जंतुनाशकाचा आणि उन्हात तापलेल्या गादीचा मिळून एक वास. भिंतीवर नजर तपासायचा तक्ता. वर मोठ्ठं अक्षर आणि खाली बारीक होत गेलेल्या ओळी. खाटेवर पडल्या पडल्या तो तक्ता पाठ झालेली मुलं आज चाळिशीपुढे आहेत आणि त्यांतल्या एकाला अजूनही तो शेवटच्या ओळीपर्यंत म्हणता येतो. चष्म्याचा नंबर मात्र त्याला तिसरीतच लागला होता, आणि पाठांतरामुळे तो सातवीपर्यंत कुणाला कळला नाही.

मी तेव्हा त्या शाळेत भूगोल शिकवायचो. शिक्षकांच्या खोलीत पंखा किती नंबरवर ठेवावा यावरून दोन ज्येष्ठ सहकाऱ्यांचा आठ वर्षं वाद चालू होता, म्हणून मोकळ्या तासाला मी वह्यांचा गठ्ठा घेऊन मावशीच्या खोलीत बसू लागलो. तिनं ना कधी ‘या’ म्हटलं, ना ‘का आलात’. फक्त वजनकाट्यावरची बरणी उचलून गठ्ठ्याला जागा करून दिली.

तिची काम करायची पद्धत एकच होती, आणि ती कुठल्याही अभ्यासक्रमात नव्हती. पोर दारात आलं, की आधी त्याच्या तोंडात थर्मामीटर. त्यातला पारा अठ्ठ्याण्णव पॉइंट चारवर कधी तरी अडकला होता आणि तिथेच राहिला होता. ताप बघायला ती तळहात वापरायची. मग थर्मामीटर कशाला, असं मी एकदा विचारलं.

“अहो सर, तोंडात काही असलं की त्याला बोलावं लागत नाही,” ती म्हणाली. “आणि मला विचारावं लागत नाही. तीन मिनिटं दोघांना सुटी.”

तीन मिनिटांनी थर्मामीटर निघायचा आणि हातात बँडेज यायचं. टोपलीत बँडेजच्या पट्ट्यांचा हा एवढा ढीग असायचा, सुटा, गुंतलेला. “बसलाच आहेस तर एवढं गुंडाळ.” पोर गुंडाळायला लागायचं. मावशी दुसरं टोक ताणून धरायची. पट्टी लांब असली की गुंडाळता गुंडाळता दोघं जवळ जवळ येत जात, आणि साधारण शेवटच्या हातभर अंतरावर पोर काही तरी बोलायचं. ‘तो माझ्याशी बोलत नाही आता.’ ‘मोठ्यानं वाचायला लावतात आणि सगळे हसतात.’ ‘घरी दोघं बोलतच नाहीत, मला निरोप सांगायला लावतात.’ काही पोरं काहीच बोलत नसत. चार-पाच पट्ट्या गुंडाळून, पाणी पिऊन परत जात. तेही चालायचं. शाळा सुटली की मावशी खुर्चीवर बसून सगळी बँडेजं पुन्हा सोडायची आणि टोपलीत कालवून ठेवायची. माझ्या माहितीत त्यातलं एकही कधी जखमेला लागलं नाही.

पहिल्या वर्षी, हेडसर मला वर्गासमोर बोलले होते त्या दिवशी, तिनं माझ्याही तोंडात थर्मामीटर ठेवला होता. त्याबद्दल जास्त सांगत नाही.

आता रजिस्टर. दर भेटीची नोंद करायची असा नियम होता. रकाने होते: तारीख, वेळ, इयत्ता, नाव, तक्रार, उपचार, सही. ‘तक्रार’ या रकान्याची रुंदी दीड इंच. ‘वडील परत दुसऱ्या गावी गेले आणि या वेळी पेटी घेऊन गेले’ हे दीड इंचात बसत नाही. मावशीनं पहिल्याच वर्षी त्यावर तोडगा काढला. तक्रार: पोटदुखी. उपचार: विश्रांती. बावीस वर्षं ती तेवढंच लिहीत आली. वाचलं कुणी नाही, कारण रजिस्टर ही लिहायची गोष्ट आहे.

त्या वर्षी सहामाहीच्या आधी एक मुलगी मधेच शाळेत आली. सहावी ब. वर्षाच्या मधे आलेल्या मुलीला वर्ग नाव देत नाही, विशेषण देतो. ही ‘नवी’ झाली, आणि चार महिन्यांनीही नवीच राहिली. ती रोज तिसऱ्या तासाला मावशीच्या खोलीत यायची. बँडेज इतकं घट्ट आणि नेटकं गुंडाळायची की मावशीला संध्याकाळी सोडवताना नखं लागत. बोलायची मात्र नाही. शेवटच्या हातभर अंतरावरसुद्धा नाही.

माझाही तो तास मोकळा असायचा, म्हणून हे मी पाहिलं आहे. पलीकडे ऑफिसात फोन वाजला की नवीचे हात थांबायचे. हेडक्लार्क ‘हॅलो’ म्हणायचा, मग ‘नाही हो, ही शाळा आहे’ म्हणायचा, आणि मग हात पुन्हा चालू व्हायचे. मला हे दिसत होतं, पण कळलं नव्हतं. मावशीला बहुधा दुसऱ्या दिवशीच कळलं होतं. ती आठवडाभर काही बोलली नाही. मग एकदा पट्टीचं टोक धरल्या धरल्या म्हणाली, “फोन फार वाजतो नाही का या शाळेत?”

नवीनं पट्टीचा आणखी एक वेढा घेतला.

“निम्मे राँग नंबर असतात. एक बाई रोज लाँड्री समजून लावते. हेडक्लार्क आधी समजावून सांगायचा. आता ‘इस्त्री झाली नाही, उद्या या’ म्हणतो आणि ठेवतो.”

नवी हसली नाही. पण थोड्या वेळानं म्हणाली, “माझा आला तर सांगतील का ते मला?”

“कोण, हेडक्लार्क? तो स्वतःच्या लग्नाला उशिरा पोचला होता.”

मग ते बाहेर आलं. वडील हॉस्पिटलात होते, मोठं ऑपरेशन झालं होतं, त्यासाठीच घर इकडे हलवलं होतं. डॉक्टरांची फेरी अकराच्या सुमाराला. आईनं लेकीला धीर द्यावा म्हणून एक वाक्य सांगितलं होतं: ‘तू शाळेत जा, काही झालं तर मी शाळेत फोन करीन.’ त्या माउलीला कल्पना नव्हती, की आपण पोरीला धीर नाही, फोन दिलाय. तो पोरीच्या डोक्यात सकाळपासून वाजत होता.

“असं करू,” मावशी म्हणाली. “तू वर्गात बस. तुझा फोन आला तर मी स्वतः वर येऊन वर्गाच्या दारात उभी राहीन. मी दारात दिसले, तर फोन आला. नाही दिसले, तर नाही आला.”

“वाईट असलं तरी याल?”

“वाईट असलं तरी.”

“लगेच?”

“जिना आहे गं. आणि माझा गुडघा आहे.”

“किती वेळ लागेल?”

मावशीनं खरोखर विचार केला. “दोन मिनिटं.”

नवी दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या तासाला ती वर्गात बसू लागली.

नेमकं त्याच महिन्यात आरोग्य खात्याचं एक परिपत्रक आलं. शाळांनी विद्यार्थ्यांच्या आजारांचा गोषवारा पाठवावा. हेडक्लार्क कर्तव्यदक्ष माणूस. त्यानं रजिस्टर उघडलं, बेरीज केली आणि पुन्हा केली. एका सत्रात पोटदुखीचे चारशे अकरा रुग्ण. इतर सर्व आजार मिळून तीन.

पुढचे पंधरा दिवस शाळेनं जे केलं ते अत्यंत तत्परतेनं केलं, हे मान्य करायला हवं. नळ बांधून ठेवले. मुलांना घरून बाटल्या आणायला सांगितलं. पाण्याचे नमुने तीन वेगवेगळ्या बाटल्यांतून तपासायला गेले. टाकी उपसली. तळाशी दोन टेनिसचे चेंडू, एक कंपासपेटी आणि कुणाचं तरी प्रगतिपुस्तक निघालं. गुण वाचता येत नव्हते, म्हणजे ज्यानं टाकलं त्याचा हेतू सफल झाला होता. नमुन्यांचा अहवाल आला: पाणी पिण्यास योग्य. यामुळे सगळे फार घाबरले. मग खात्याच्या डॉक्टरबाई स्वतः आल्या.

चौकशी हेडसरांच्या खोलीत झाली. हेडसर, डॉक्टरबाई, इतिवृत्त लिहायला हेडक्लार्क, आणि शिक्षकांचा प्रतिनिधी म्हणून मी, कारण त्या वेळी मीच मोकळा सापडलो. मावशी उभी होती. डॉक्टरबाईंनीच तिला खुर्ची दिली.

“मी हे रजिस्टर दोन दिवस वाचलं,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “सोमवारी पहिल्या तासाला गर्दी. निकालाच्या दिवशी गर्दी. गुरुवारी तोंडी गणिताचा तास, की सहावी ब मधली सात मुलं. दर गुरुवारी. मावशी, हे जंतू वेळापत्रक बघून येतात का?”

हेडक्लार्कनं ‘जंतू वेळापत्रक’ असं लिहून घेतलं.

हेडसर म्हणाले, “एका वाक्यात सांगा. या मुलांचं पोट दुखत होतं की नव्हतं?”

“दुखत होतं साहेब.”

“चारशे अकरा पोटं?”

“हात पोटावरच होता सगळ्यांचा. तिथं कुठून आलं होतं, ते वेगळं.”

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. त्या चांगल्या होत्या, हे मला सांगितलंच पाहिजे. “कुठून आलं होतं, ते सांगा ना,” त्या म्हणाल्या. “मला अंदाज आहे. नाव आणि कारण, एवढी एक यादी द्या. मी वर लिहिते की या खोलीची गरज आहे. कदाचित तुमचं पदही कायम होईल.”

बावीस वर्षांत ‘कायम’ हा शब्द तिच्याविषयी प्रथमच उच्चारला गेला असावा. मावशीनं मनगटावरचा डाग चोळला.

“ती यादी कुठे राहील बाई?”

“ऑफिसात,” हेडसर म्हणाले. “अर्थातच.”

“वाचेल कोण?”

“मी. वर्गशिक्षक. आणि जरूर पडली तर पालकसभेत आपण त्या त्या घराशी...”

“मग पोटदुखीच होती साहेब,” मावशी म्हणाली.

डॉक्टरबाईंनी आणखी दोनदा, दोन वेगळ्या तऱ्हेनं विचारलं. मी तिच्याकडे बघून भुवया उंचावल्या, खाली केल्या, जे काही करता येतं ते केलं. चार नावं दिली असती तरी काम झालं असतं. तिनं एकही दिलं नाही. ‘सदर कर्मचाऱ्यास समाधानकारक खुलासा करता आला नाही’ असं इतिवृत्तात आलं, आणि हेडक्लार्कनं ते वाचून दाखवलं तेव्हा त्याचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता.

आठवड्यात खोली बंद झाली. ज्या विद्यार्थ्याच्या अंगात शंभराच्या वर ताप असेल त्यानंच तक्रार करावी, ती पीटीच्या सरांकडे करावी, असा आदेश निघाला. खाटा गच्चीवर गेल्या. खोलीत पाणी शुद्ध करायचं मोठं यंत्र बसवलं, कारण पाणी योग्य निघालं तरी मंजुरी आधीच आली होती.

आज त्या शाळेत समुपदेशन कक्ष आहे. दारावर पाटी, आत मऊ खुर्च्या, शिकलेली, मायाळू मुलगी. मी त्याची चेष्टा करत नाही. असं काही असावं यासाठी आमच्या वेळी कुणी भांडलं असतं तर बरं झालं असतं, आणि त्या ‘कुणी’मध्ये मी पण येतो. फक्त त्या खोलीकडे निघालेलं पोर आज सगळ्या वर्गाला कळतं. पोटदुखी कुणालाही होऊ शकायची.

मावशीला काढलं नाही. तिला सूचनावही दिली. म्हणजे ऑफिसातून सूचना निघाली, की वही घेऊन वर्गावर्गांत जायचं, शिक्षकानं सूचना वाचून दाखवायची आणि सही करायची. बाकी वेळ ऑफिसच्या बाहेर स्टुलावर.

पहिल्या सूचनेच्या दिवशी मी सहावी ब वर नद्या शिकवत होतो. जिन्यात पावलं वाजली. एक पायरी, थांबणं, एक पायरी. ती कुणाची आहेत ते वर्गातल्या सगळ्यांना ओळखू येत होतं. नवी दुसऱ्या बाकावर होती. तिचं पेन्सिल धरलेलं बोट पांढरं झालं. पावलं दारापाशी आली आणि चौकटीच्या आड थांबली. मग चौकटीतून नुसता एक हात आत आला. हातात वही.

“सर, नोटीस.”

वर्ग खो खो हसला. “मावशी, आत या की!”

“नको रे. चपला चिखलाच्या आहेत.”

महिनाभर पाऊस नव्हता. मी दाराबाहेर गेलो, तर ती भिंतीला पाठ लावून अशी उभी होती, की वर्गातून पदराचं टोकसुद्धा दिसू नये. मधल्या सुट्टीत मी विचारलं.

“मी दारात दिसले की फोन आला, असं ठरलंय ना सर,” ती म्हणाली. “आता रोज वही घेऊन दारात उभी राहिले, तर पोरीनं समजायचं काय?”

“मग तिला सांगा, की खूण बदलू या. दुसरं काही ठरवा.”

“शाळा बदलली तिची. घर बदललं. बाबा घरात नाहीत. ठरलेलं असं तिच्याकडे एवढंच आहे. तेही मीच बदलू?”

तिनं मग एकेक शिक्षक गाठला. इंग्रजीच्या बाई लगेच हो म्हणाल्या. गणिताचे सर जन्मात कुणाला हो म्हणाले नव्हते. त्यांनी ‘हा शुद्ध वेडेपणा आहे’ असं बजावलं आणि दुसऱ्या दिवसापासून पावलं ऐकू आली की खडू ठेवून बाहेर जाऊ लागले. हेडसरांनी फेरीवर असताना एकदा मला दाराबाहेर सही करताना पकडलं.

“हे काय चाललंय? वहीनं वर्गात जायला हवं.”

“भूगोल आहे सर, हवा लागते,” मी म्हणालो.

माझ्या नोकरीतलं ते सर्वांत शूर वाक्य. मावशी भिंतीला चिकटून मान खाली घालून उभी होती. हेडसरांनी तिच्याकडे बघितलं, वर्गाकडे बघितलं. कळलं काही असेल असं नाही. पण पुढे गेले.

तीन महिने सहावी ब ला वर्गातून मावशीचा फक्त हात दिसला. मुलांनी त्यालाच हळूहळू ‘नमस्कार’ म्हणायला सुरुवात केली. तोही आता नुसता आत येऊन थांबायचा नाही, बोटं हलवून दाखवायचा. नवी मात्र त्याच्याकडे बघायची आणि पुढचं लिहायला घ्यायची. हात आला, म्हणजे मावशी आली नाही.

वार्षिक परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात, तिसऱ्या तासाला मी सहावी ब वर बदली तास घेत असताना, खाली फोन वाजला. तो दिवसातून वीसदा वाजायचा, त्यामुळे कुणी लक्ष दिलं नाही. मग जिन्यात पावलं. पायरी, पायरी, पायरी. मधलं थांबणं नव्हतं. मी खडू ठेवला. नवीनं आधी मान वर केली आणि मग दाराकडे बघायचं नाही म्हणून वहीत घातली.

तेवढ्यात जिन्यातूनच मावशीचा आवाज आला. इतक्या मोठ्यानं तिला बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. “अहो हेडक्लार्क, बघा की हा गुडघा! उद्या बाबांना घरी सोडतायत म्हटल्यावर यालासुद्धा पळायचंय! घरी सोडतायत हो, घरी!”

मी दाराशी जाऊन पाहिलं. जिन्यात तिच्याशिवाय कुणीही नव्हतं.

मग ती चौकटीत आली. सबंध. धापा टाकत, एक हात गुडघ्यावर, पदर खांद्यावरून निसटलेला. वर्गाला एकदम सगळी मावशी बघायची सवय राहिली नव्हती. कुणी हसलं नाही.

“दोन मिनिटं झाली का गं?”

“तीन,” नवी म्हणाली. “तीन झाली.”

मावशी आत आली, चपला घालूनच, आणि तिच्या शेजारी टेकली. शेजारच्या मुलीनं सरकून जागा केली, पण उठली नाही. मी फळ्याकडे तोंड करून नदीचं मुख काढू लागलो आणि घंटा होईपर्यंत काढत राहिलो. बाक दोघींचा होता. त्यावर तिघी बसल्या.